आठ वेळा निकाली

त्या वर्षी कर खात्यात एक नवं परिपत्रक आलं. प्रत्येक विभागीय कार्यालयानं वर्षभरात किती खर्च केला आणि त्या बदल्यात काय काम केलं, याचा अहवाल लोकांसाठी प्रसिद्ध करायचा. तो साध्या मराठीत लिहायचा, संकेतस्थळावर टाकायचा आणि खुली सभा घेऊन वाचून दाखवायचा. सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांचा मिळून जो विभाग होता, त्याचा अहवाल लिहायचं काम शरयू दातारकडे आलं.

शरयू मूळची वाईची. कर अधिकारी म्हणून सांगलीला येऊन तिला काही वर्षं झाली होती. विश्रामबागेत भाड्याच्या फ्लॅटमध्ये ती राहायची. नवरा पुण्यात नोकरीला होता, आठवड्याच्या सुट्टीला कधी तो यायचा, कधी ती जायची. अहवाल तिच्याकडे येण्याचं कारण साधं होतं. कार्यालयात कुणालाही अवघड पत्र लिहायचं झालं की मसुदा तिच्या टेबलावर यायचा. विभागप्रमुख चिंतामण लिमये तिला म्हणाले, "सरकारी मराठी लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. हे लोकांनी वाचायचंय. तुम्ही लिहा."

लिमये सप्टेंबरात निवृत्त होणार होते. उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ. सही करण्याआधी कागद शेवटपर्यंत वाचायची त्यांची सवय होती, त्यामुळे त्यांच्या केबिनबाहेर फायली साचायच्या आणि लोक कुरकुरायचे. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर कधी ठपका आला नव्हता.

खर्चाचा भाग शरयूनं लवकर संपवला. पगार, भाडी, गाड्यांचं डिझेल, छपाई. शिरवळला कारखानदारांसाठी जे जनजागृती शिबिर झालं होतं, त्याच्या मांडवाचा खर्च आणि शिबिराला आलेल्या माणसांची संख्या तिनं एकाच ओळीत लिहिली. मांडव मोठा होता, माणसं थोडी होती. लिमयांनी ती ओळ दोनदा वाचली, किंचित हसले आणि तशीच ठेवली.

कामगिरीचा भागही अवघड नव्हता, कारण कामगिरी चांगली होती. करदात्यांच्या ऑनलाइन तक्रारींपैकी जवळजवळ सगळ्या मुदतीत निकाली निघाल्या होत्या. या एका गोष्टीत हा विभाग राज्यात वरच्या नंबरात होता. अहवालाच्या नमुन्यात शेवटी एक चौकट होती, यशोगाथा. एका समाधानी करदात्याची माहिती आणि फोटो.

तक्रार कक्ष निरीक्षक मुकुल पाटणकर सांभाळायचा. शरयू आणि तो दुपारी एकत्र डबा खायचे. तिनं त्याला एखादं नाव सुचवायला सांगितलं. त्यानं संगणकावर थोडी शोधाशोध केली.

"ही बघ. संयोगिता मोहिते, आष्टा. आठ तक्रारी, आठही निकाली. आपली कायमची गिऱ्हाईक."

"धंदा कसला?"

"शाळेचे गणवेश शिवतात. महिला उद्योजक. तुझ्या चौकटीत फिट बसेल."

शरयूलाही ते पटलं. गावातली बाई, स्वतःचा धंदा, अडचण आली की विचारते आणि तिला उत्तर मिळतं. तिनं फोन लावला. तो एका वयस्कर माणसानं उचलला. आपण संयोगिताचे सासरे नाथाजी मोहिते, असं त्यांनी सांगितलं. कर खात्यातून बोलतेय, तक्रारींच्या संदर्भात भेटायला यायचंय, असं शरयू म्हणाली. 

"या की म्याडम," ते म्हणाले. "कवा येताय सांगा. लय बरं झालं."

माणूस उत्साही आहे, असं तिला वाटलं.

ती गेली तेव्हा मे महिना होता. आयर्विन पूल ओलांडून, तुंगवरून गाडी आष्ट्यात पोचली तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील, पण ऊन दुपारसारखं होतं. मोहित्यांचं घर शोधायला ड्रायव्हरला तीन ठिकाणी विचारावं लागलं. नगरपालिकेनं घरांचे नंबर बदलले होते आणि जुना नंबर आता भलत्याच गल्लीत लागत होता.

घराशेजारी पत्र्याची लांबट शेड होती. शेडपुढच्या सावलीत खुर्च्या मांडल्या होत्या. चार बायका जणू कार्यक्रमाला आल्यासारख्या चांगली लुगडी-साड्या नेसून बसल्या होत्या. नाथाजी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते फाटकाशीच उभे होते. त्यांनी शरयूला नेऊन मधल्या खुर्चीवर बसवलं. भडंग आलं, चहा आला.

"आमी म्हटलं, आता कोण येत न्हाई," ते म्हणाले. "पर तुमी आला. फौजेतबी असंच हाय बगा. उशीर लागंल, पर अर्ज कुटं ना कुटं पोचतोच."

शरयू हसली. तिनं शेडकडे पाहिलं. दार उघडं होतं. आत भिंतीला लागून शिलाई मशिनं ओळीनं मांडलेली होती आणि त्यांच्यावर जुन्या चादरी टाकल्या होत्या. कटिंगच्या टेबलावर उन्हाळी कामाचे सांडगे वाळत घातले होते.

"जूनमध्ये शाळा सुरू होणार ना? मग हंगामात मशिनं बंद कशी?" तिनं विचारलं.

संयोगिता तोपर्यंत उभीच होती. तिशी ओलांडलेली, किरकोळ बांध्याची बाई. इस्लामपूरच्या कॉलेजातून ती बी.कॉम. झाली होती. तिनं शरयूकडे नीट पाहिलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही?"

मग तिनं सांगितलं. सगळ्यांना ते पाठ असणार, कारण बायका माना हलवत होत्या. दोन वर्षांपूर्वी खात्याचा कुणी माणूस जागा पाहायला आला होता. नोंदणीवर घराचा जुना नंबर होता. त्याला घर सापडलं नाही. त्यानं गावात कुणाला विचारलं की नाही, ते कळायला मार्ग नाही. जागा अस्तित्वात नाही, असा शेरा मारून तो गेला. नोटीस ईमेलवर आली, पण तो ईमेल जुन्या कर सल्लागाराचा, आणि त्यानं हे काम केव्हाच सोडलेलं. एके दिवशी माधवनगरचा कापडवाला म्हणाला, वहिनी, तुमचा जीएसटी नंबर बंद दाखवतोय. बिल कुणाच्या नावानं फाडू?

"नंबर नाही तर पक्कं बिल नाही. पक्क्या बिलाशिवाय शाळा माल घेत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे, त्यांना ऑडिट असतं. मी तक्रार टाकली. चार दिवसांत मेसेज आला, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे."

"म्या स्टँडवरनं पेढं आणलं," नाथाजी म्हणाले. "समद्या गल्लीत वाटलं."

"नंतर बघितलं तर नंबर बंदच. म्हणून परत टाकली. परत निकाली." संयोगिता थांबली. "दुसऱ्यांदा पेढे नाही आणले."

"तुम्ही कार्यालयात नाही आलात?"

"आले की. दोनदा आले. खिडकीवरच्या साहेबांनी स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाले, तुमची तक्रार तर मिटलेली आहे. नंबर पुन्हा चालू करायचा वेगळा अर्ज असतो म्हणे, त्याला मुदत असते. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. ती मुदत या निकाली-निकालीत निघून गेली."

काज-बटणाचं काम करणारी बनाबाई सगळ्यांत वयस्कर होती. ती म्हणाली, "चार वर्सं हितं शिवत हुतो आमी. आता दुसऱ्याच्या रानात भांगलायला जातो. ह्या उन्हात डोळं जात्यात, पर काय करता?"

नाथाजींनी खुर्चीखालची पिशवी पुढं ओढली. "कागदं समदी काडून ठेवल्यात म्याडम. आज काय काय लागंल तुमास्नी?"

शरयूच्या पर्समध्ये यशोगाथेचा नमुना होता आणि फोटोसाठी आणलेला कार्यालयाचा कॅमेरा होता. कागद तपासते, वर कळवते, असं काहीतरी बोलून तिला निघता आलं असतं. रोज कितीतरी जण तसं बोलतात. पण समोर बसलेल्या माणसांनी आज आपलं काम होणार म्हणून चांगले कपडे घातले होते.

"मी त्यासाठी आले नव्हते," ती म्हणाली. "आमच्या अहवालात एका समाधानी करदात्याची माहिती द्यायची असते. तुमच्या आठही तक्रारी निकाली निघाल्या असं आमच्याकडे दिसतं. म्हणून तुमचं नाव निवडलं होतं."

 बनाबाईला नीट कळलं नसावं. "काय म्हणत्यात?" तिनं संयोगिताला विचारलं.

"आपलं काम झालं, असं छापायला आल्यात."

नाथाजी उठले आणि घरात गेले. ते चिडले असं शरयूला वाटलं आणि तिनं पर्स उचलली. पण ते परत आले ते पाण्याचा तांब्या घेऊन. तांब्या तिच्याजवळ ठेवत ते म्हणाले, "चा घ्या म्याडम. गार व्हतोय."

तिनं तो चहा प्यायला. निघताना तिनं कागदांच्या प्रती मागून घेतल्या, पण काही होईल असं सांगितलं नाही. संयोगिता फाटकापर्यंत आली आणि तिनं फाटक लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शरयूनं मुकुलला सगळं सांगितलं. त्याला आश्चर्य वाटलं नाही, आणि त्याचंच तिला आश्चर्य वाटलं.

"हे बघ," तो म्हणाला, "नंबर चालू करायचा अधिकार मला आहे का? नाही. मी तक्रार नोंदणी शाखेकडे पाठवतो. पाठवली की माझ्याकडून संपली. सात दिवसांत संपवली नाही तर स्क्रीनवर लाल खूण येते, आणि ती थेट मुंबईत दिसते."

"आणि नोंदणी शाखा?"

"त्यांच्याकडे ती तक्रार म्हणून जातच नाही. पत्र म्हणून जाते. पत्राला मुदत नसते."

त्यानं हे निर्विकारपणे सांगितलं, जसं रस्ता कुठून कुठे जातो ते सांगावं. पुढचे दोन दिवस डबा खाऊन झाल्यावर तो स्वतःच तिच्याबरोबर संगणकापुढे बसला. तीच तीच नावं पुन्हा पुन्हा येत होती. कवठ्याचा एक बेदाणावाला, फलटणचा एक रंगवाला, मिरजेची एक तबल्याची दुकानदारीण. ज्यांचं काम होत नव्हतं ते परत तक्रार करत होते, आणि प्रत्येक परत आलेली तक्रार पुन्हा मुदतीत निकाली निघून विभागाची कामगिरी थोडी वर नेत होती. जितकं काम अडलं, तितका नंबर वर.

"हे अहवालात घालणार आहेस?" मुकुलनं विचारलं.

"साहेबांना विचारते."

"माझं नाव येईल."

"अहवालात कुणाचंच नाव नसतं."

"कक्षाचं येईल ना. कक्षात मी एकटाच आहे."

शरयू आपल्या टेबलावर परत गेली. तिनं एक परिच्छेद लिहिला. निकाली या शब्दाचा खात्यातला अर्थ उत्तर पाठवलं एवढाच आहे, काम झालं असा नाही, असं त्यात होतं. निकाली तक्रारींतला मोठा भाग त्याच त्या लोकांच्या त्याच त्या तक्रारींचा आहे, हेही होतं. यशोगाथेची चौकट तिनं रिकामी ठेवली.

लिमयांनी तो परिच्छेद वाचायला वेळ घेतला. "आकडा चुकीचा आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. आकडा बरोबर आहे."

"मग?"

"वाचणाऱ्याला त्यातून जे कळेल ते चुकीचं आहे."

लिमयांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. निवृत्तीला चार महिने राहिलेला माणूस अशा वेळी काय विचार करतो, ते बाहेरून दिसत नाही. त्यांनी सही केली आणि अहवाल मुंबईला गेला.

आठवड्याभरात तो परत आला. नमुन्याबाहेरील मजकूर वगळावा, एवढाच शेरा होता. यशोगाथेची चौकट भरावी, असंही कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं. लिमयांनी शरयूला बोलावलं.

"परिच्छेद काढा," ते म्हणाले. तिनं मान हलवली. ती उठणार तेवढ्यात त्यांनी परिपत्रकाचं शेवटचं पान तिच्यासमोर सरकवलं. खुल्या सभेत नागरिकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांना दिलेली उत्तरं अहवालाला शब्दशः जोडावीत, असं तिथे लिहिलं होतं. हे वगळायचा अधिकार कुणाला आहे, ते लिहिलेलं नव्हतं.

"सभेची नोटीस कुणाकुणाला द्यायची ठरलीय?" त्यांनी विचारलं.

"व्यापारी संघटना, कर सल्लागार, पत्रकार."

"परिपत्रकात हितसंबंधी असा शब्द आहे."

"तक्रारदार हितसंबंधी धरायचे का सर?"

"माझ्या मते तरी तेच असतात," लिमये म्हणाले आणि त्यांनी पुढची फाईल उघडली.

एकाच विषयावर पुन्हा पुन्हा तक्रार केलेल्या सगळ्यांना शरयूनं नोटिसा पाठवल्या. हे तिनं मुकुलला सांगितलं नाही. सांगायचं नाही असं ठरवलं होतं असंही नाही. त्या दिवशी तो रजेवर होता, आणि दुसऱ्या दिवशी विषय निघाला नाही.

सभा साताऱ्यात, पोवई नाक्याजवळच्या एका सभागृहात झाली. जून संपत आला होता. अशा सभांना माणसं येत नाहीत हा सगळ्यांचा अनुभव, म्हणून खुर्च्या भरायला कार्यालयातली मंडळी आणली होती. या वेळी त्यांना मागे उभं राहावं लागलं. बेदाणावाला आला होता, रंगवाला आला होता. नाथाजी आणि संयोगिता तिसऱ्या रांगेत होते. त्यांच्याबरोबर संयोगिताचा नवरा जयराज होता. तो शिरवळला एका कारखान्यात कामाला होता आणि पाळी बदलून तिथूनच आला होता.

लिमयांनी अहवाल वाचला. शिरवळच्या मांडवाच्या ओळीला थोडे लोक हसले. तक्रारींचा आकडा त्यांनी वाचला तेव्हा कुणी हसलं नाही. प्रश्नांची वेळ आली. इतिवृत्त लिहायला मुकुल बसला होता.

आधी व्यापारी संघटनेचे आप्पासो बोलले. त्यांनी खात्याचे आभार मानले. मग संयोगिता उभी राहिली. तिला माईक दिला, पण तिनं तो हातात धरून ठेवला आणि त्याशिवायच बोलली.

"माझी तक्रार एकच आहे. नंबर बंद झालाय, तो चालू करा. ती आठ वेळा निकाली निघाली असं तुमच्याकडे आहे. आत्ता तुम्ही जो आकडा वाचला, त्यात माझ्या आठ तक्रारी धरल्यात का?"

"धरल्या आहेत," लिमये म्हणाले.

"मग माझी तक्रार निकाली निघाली का?"

पहिल्या रांगेत मुंबईहून आलेले एक सहआयुक्त बसले होते. त्यांनी लिमयांकडे पाहिलं. अशा प्रश्नाला उत्तरं ठरलेली असतात. तपासून घेऊ, संबंधितांना सूचना देऊ.

"नाही," लिमये म्हणाले. "निघालेली नाही. आम्ही तुम्हाला आठ वेळा उत्तर पाठवलं. आमच्या भाषेत त्याला निकाली म्हणतात."

"आमच्याकडं निकाली म्हणजे निकाली," संयोगिता म्हणाली.

"तुमच्याकडचा अर्थ बरोबर आहे."

मुकुलचं पेन थांबलं होतं. त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "सर, हे कसं लिहू?"

"शब्दशः," लिमये म्हणाले.

त्यानंतर बेदाणावाला उठला, मग रंगवाला. मिरजेची बाई दोन वाक्यं बोलली आणि तिला रडू आलं, म्हणून ती खाली बसली. प्रत्येकाला लिमयांनी तेच उत्तर दिलं, नाही, निघालेली नाही. नाथाजींनी शेवटपर्यंत काही विचारलं नाही. सभा संपल्यावर ते लिमयांपाशी गेले, हात जोडले आणि म्हणाले, "सायेब, निदान न्हाई म्हनला तुमी. दोन वर्सांत त्येबी कुणी म्हनलं न्हवतं."

एका स्थानिक वर्तमानपत्रात आतल्या पानावर छोटी बातमी आली. मोठी गडबड काही झाली नाही. पण मुंबईहून दोन पत्रं आली. एक लिमयांना, खात्याची प्रतिमा मलिन होईल असं विधान जाहीर सभेत का केलं, याचा खुलासा मागणारं. दुसरं मुकुलला, न सुटलेल्या तक्रारी निकाली का दाखवल्या, याचा खुलासा मागणारं.

मुकुलनं आपलं पत्र शरयूच्या टेबलावर ठेवलं. तो चिडून बोलत नव्हता.

"नोटिसा पाठवायच्या आधी मला सांगितलं असतंस तर?"

"तू काय केलं असतंस?"

"माहीत नाही. पण मला विचार करायला मिळाला असता. तुला मिळाला, साहेबांना मिळाला. मी तिथे पेन घेऊन बसलो होतो."

तो म्हणत होता ते खरं होतं, हे शरयूला कळत होतं. तक्रार कक्ष नियमाप्रमाणेच चालला होता, कक्षाला दुसरा अधिकारच नव्हता, आणि परत परत येणाऱ्या तक्रारी शोधून काढण्यात मुकुलनं स्वतः मदत केली होती, असं तिनं लेखी दिलं. ते घेऊन ती मुंबईला गेली, तिथे एका दालनाबाहेर बराच वेळ बसली आणि कागद देऊन आली. मुकुलचं प्रकरण पुढे वाढलं नाही. पण त्यानं साताऱ्याला बदली मागून घेतली. मधल्या काळात ते दोघं आपापल्या टेबलावर जेवायचे. तो गेला त्या दिवशी शरयू वाईला गेली होती, वडिलांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. निरोपाचं जेवण झालं असं तिला नंतर कळलं.

लिमये सप्टेंबरात निवृत्त झाले. खुलासा प्रलंबित असल्यामुळे त्यांचे निवृत्तीचे कागद अडकले आणि ते सुटायला उन्हाळा उजाडला. निवृत्तीच्या समारंभात ते नेहमीसारखंच थोडं बोलले. एवढं मात्र म्हणाले, की इतकी वर्षं मी कागद शेवटपर्यंत वाचून सही करत होतो, पण कागद जिथे जातो तिथपर्यंत कधी गेलो नाही. टाळ्या वाजल्या, पण फार नाही.

जाण्याआधी त्यांनी आष्ट्याच्या जागेची पुन्हा पाहणी करवून घेतली होती. या वेळी शरयू स्वतः गेली. घर होतं, शेड होती, मशिनं होती. मुदत उलटून गेल्याबद्दलची माफी वरच्या अधिकाऱ्यांकडून मिळायला दिवाळी आली. नंबर चालू झाल्याचं सांगायला शरयूनं फोन केला. या वेळी संयोगितानंच उचलला. मागे मशिनांचा मोठा आवाज येत होता.

"मी शिरवळला आहे," ती म्हणाली. "यांच्याजवळ. इथे कपड्यांच्या कंपनीत लाइन सुपरवायझर म्हणून लागलेय. शाळांनी कोल्हापूरचा माणूस धरला आता, त्या काही परत येणार नाहीत. आमच्यातल्या दोघी माधवनगरला जातात कामाला."

 "नंबर बंद करायचा असेल तर त्याचाही अर्ज असतो," शरयू म्हणाली आणि आपण हे काय बोललो असं तिला वाटलं.

संयोगिता हसली. पहिल्यांदाच. "राहू द्या चालू. मामंजींना बरं वाटेल."

पुढचं वर्षभर ती शिरवळलाच राहिली. नंतर आष्ट्याला परत आली आणि बनाबाईसह तिघींना घेऊन दवाखान्यांच्या चादरी आणि डॉक्टरांचे झगे शिवायला लागली. त्यात गणवेशाइतकं मिळत नाही, पण काम बारमाही असतं. हे शरयूला नाथाजींकडून कळलं. ते अधूनमधून फोन करायचे, बहुतेक वेळा कामाचं काही नसताना.

मधल्या काळात पुढच्या अहवालाचा नमुना आला, तेव्हा त्यात परत आलेल्या तक्रारींचा वेगळा रकाना होता. तो कुणाच्या सांगण्यावरून आला, ते नमुन्यावर लिहिलेलं नव्हतं. तो भरल्यावर विभाग राज्यात शेवटून दुसरा आला. नव्या विभागप्रमुख बाईंनी शरयूला बोलावून विचारलं, अहवाल याही वर्षी तूच लिहिणार का. शरयू म्हणाली, लिहीन, पण मला दुपारी एक फोन लागेल आणि कुणीतरी मदतीला लागेल. ज्यांच्या तक्रारी निकाली निघाल्यात, त्यांना काम झालं का ते आम्ही विचारून घेऊ. बाईंनी अर्धा दिवस एक लिपिक दिला.

पहिला फोन शरयूनं स्वतः केला. पलूसचा एक भांडीवाला होता, त्याची तक्रार गेल्याच आठवड्यात मुदतीत निकाली निघाली होती.

"तुमचं काम झालं का, एवढंच विचारायचंय," ती म्हणाली.

"काम व्हय?" तो म्हणाला. "सांगतो की. वेळ हाय न्हवं तुमास्नी?"

शरयू म्हणाली, आहे. तो पहिल्यापासून सांगायला लागला, आणि ती लिहून घेऊ लागली.